पोटातले फोटो : फिल्मवरचे आणि डिजिटल

आपल्याकडे रोगी आणि त्याचे नातेवाईक 'एंडोस्कोपी' हा शब्द फारसा वापरत नाहीत. 'पोटात दुर्बीण घातली', 'घशात दुर्बीण घालून बघितलं' असेच ते म्हणतात. एखादा काटेकोर मनुष्य म्हणेल की हा शब्द चुकीचा आहे. दुर्बीण दूरचे पाहण्यासाठी असते आणि हे यंत्र तर दोनचार सेंटिमीटरवरची वस्तू पाहते. मला मात्र तो शब्द आवडतो. माणसाला स्वतःच्या जठराइतके दूरचे दुसरे काही नाही. चंद्राचा फोटो १८४० च्या सुमारास निघाला. जिवंत माणसाच्या जठराचा कामाला येईल असा फोटो मिळायला १९५० साल उजाडावे लागले.

या महाविद्यालयातून मराठी विषय घेऊन मी १९७८ साली बाहेर पडलो आणि पुढच्या वर्षी एका मोठ्या रुग्णालयाच्या छायाचित्र विभागात लागलो. मराठीचा पदवीधर तिथे कसा पोचला ही वेगळी कथा आहे, ती इथे नको. निवृत्त होईपर्यंत मी हाडांचे, जखमांचे, क्ष-किरण चित्रांचे आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या आतल्या अवयवांचे फोटो काढले. पहिली वीसएक वर्षे फिल्मवर, नंतर डिजिटल कॅमेऱ्यावर. मागच्या वर्षी महाविद्यालयाच्या छायाचित्र प्रदर्शनाला आलो होतो तेव्हा काही विद्यार्थ्यांनी विचारले, "सर, खरं सांगा, फिल्म चांगली की डिजिटल?" हल्ली तरुण मुले पुन्हा फिल्म वापरू लागली आहेत, त्यामुळे प्रश्न गंमतीचा नव्हता. निसर्गदृश्यांविषयी ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या फोटोवर एखाद्याचे ऑपरेशन ठरते, तिथे या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीवर सोडता येत नाही. म्हणून हा लेख.

शरीराच्या आतला फोटो इतका अवघड का, हे आधी पाहू. तिथे मिट्ट काळोख असतो. जो प्रकाश असेल तो आपणच आत नेलेला, बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक नळीतून. हा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उणावतो: टोकापासून एक सेंटिमीटरवर जो भाग आहे त्याला चार सेंटिमीटरवरच्या भागाच्या सोळापट प्रकाश मिळतो. जठर म्हणजे काही सपाट भिंत नव्हे. एकाच चौकटीत जवळची वळकटी आणि लांबची पोकळी दोन्ही येतात. जवळचे पांढरे फटक, लांबचे काळे. त्यात अस्तर ओले, त्यामुळे आपल्याच दिव्याचे चकचकीत ठिपके त्यावर उमटतात. शिवाय सगळे हलत असते. रोगी श्वास घेतो, उमासे देतो, हृदय शेजारी धडधडते. आणि शेवटची अडचण रंगाची. आत बहुतेक सगळे लाल. लालातला लाल ओळखायचा, म्हणजे निरोगी गुलाबी, सुजेचा लाल, जुन्या व्रणाच्या कडेचा फिका लाल. डॉक्टरला हवे असते ते नेमके हेच.

आत डोकावण्याची धडपड जुनी आहे. १८०६ साली फिलिप बोत्सिनी या जर्मन वैद्याने मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे एक उपकरण केले. आडोल्फ कुसमाउलने १८६८ मध्ये फ्रायबुर्ग येथे जठरात सरळ नळी घालण्याचा प्रयोग केला, आणि त्यासाठी माणूस निवडला तो तलवार गिळण्याचे खेळ करणारा! नळी गेली, पण उजेड पुरला नाही. माक्स नित्सेने १८७७ च्या सुमारास मूत्राशय पाहण्याची नळी केली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार तापून प्रकाश देई आणि चटका बसू नये म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवावे लागे. याच नित्सेने १८९४ साली मूत्राशयाच्या छायाचित्रांचा संग्रह छापला. मूत्राशयाला सरळ नळी चालते. जठराला चालत नाही, कारण वाट वाकडी आहे आणि तलवार गिळणारे रोगी रोज मिळत नाहीत.

इथून पुढची गोष्ट जपानची, आणि ती मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे फार मोठे, आणि रोग कळे तो उशिरा. टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयातील तात्सुरो उजी नावाच्या शल्यवैद्याने ऑलिंपस कंपनीतील मुत्सुओ सुगिउरा आणि मासाहारू फुकामी या अभियंत्यांशी बोलणी केली: डोळा आत जात नसेल तर कॅमेराच आत का नेऊ नये? १९५० साली त्यांनी नमुना तयार केला. लवचीक नळीच्या टोकाला इवलेसे भिंग, इवलासा दिवा आणि काही मिलिमीटर रुंदीची फिल्मची पट्टी. ही सगळी सामग्री रोग्याने गिळायची. बाहेरून तार ओढली की फिल्म पुढे सरके, कळ दाबली की दिवा चमके.

यात मेख अशी की डॉक्टरला आतले काहीच दिसत नसे! हा कॅमेरा होता, दुर्बीण नव्हती. फोटो आंधळेपणाने काढायचे. मग कॅमेरा कुठे आहे हे कळायचे कसे? युक्ती साधी होती. खोलीत काळोख करायचा. आत दिवा चमकला की पोटाच्या कातडीतून त्याचा उजेड क्षणभर बाहेर झिरपे, आणि तो कुठे दिसला यावरून टोक जठराच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज बांधायचा. आपण लहानपणी मुठीत विजेरी धरून बोटे लाल झालेली पाहत असू, तोच प्रकार. रोगी घरी गेल्यावर फिल्म धुवायची, आणि मग पाहायचे की काय मिळाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक माहिती देऊन ठेवतो: आकिरा योशिमुरा या जपानी कादंबरीकाराने या कॅमेऱ्याच्या निर्मितीवर कादंबरी लिहिली असून ती १९८१ साली पुस्तकरूपाने आली. आपल्याकडे एखाद्या यंत्राच्या जन्मावर कादंबरी लिहावी असे कुणाच्या मनात का येत नाही, हा मला पडलेला प्रश्न आहे. असो.

प्रत्यक्ष डोळ्याने पाहता येऊ लागले ते काचतंतूंमुळे. इथे एका भारतीयाचे नाव येते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करीत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र कसे नेता येईल, यावरचा दोघांचा लेख १९५४ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आला. तत्त्व असे की तंतूच्या एका टोकातून शिरलेला प्रकाश आतल्या भिंतींवर आदळत, परावर्तित होत, दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. तंतू वाकला तरी चालते. प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका नेतो. अट एवढीच की एका टोकाला तंतूंची जी मांडणी तीच दुसऱ्या टोकाला हवी. आषाढी वारीची दिंडी जशी निघाली त्याच क्रमाने पोचली पाहिजे, नाहीतर चित्राचा गोपाळकाला.

पण उघडे तंतू एकमेकांना चिकटले की एकातला प्रकाश दुसऱ्यात पाझरे. त्यावर इलाज शोधला अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस याने. तो तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता! त्याने प्रत्येक तंतूला दुसऱ्या जातीच्या काचेचे वेष्टण दिले. त्याच्याबरोबर काम करणारे डॉक्टर बॅसिल हिर्शोविट्स यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत ही नवी नळी प्रथम स्वतः गिळून पाहिली आणि मग रोग्याला दिली. पुढे १९६४ साली जपान्यांनी आपला गिळायचा कॅमेरा आणि ही काचतंतूंची नळी एकत्र केली. आता पाहता पाहता फोटो घेता येऊ लागला. नंतर आतला कॅमेरा हळूहळू गेला आणि बाहेर, जिथे डॉक्टर डोळा लावतो तिथेच, साधा पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा बसवायची रीत पडली.

मी कामाला लागलो तो याच काळात. आमच्याकडे ऑलिंपसचा ओएम-२ होता. हा कॅमेरा १९७५ मध्ये बाजारात आला आणि आमच्या कामाला जणू मापूनच शिवलेला होता, कारण तो प्रकाश मोजे तो थेट फिल्मवर पडणारा. एरवीचे प्रकाशमापक आमच्याकडे हमखास फसत. दुर्बिणीतून येणारे चित्र गोल, आणि चौकटीचा बाकी भाग काळा. मापक बिचारा त्या काळ्याचीही सरासरी धरून 'अंधार आहे' असे समजे आणि जठर पांढरे धुवट करून टाकी. या कॅमेऱ्यात घालायला दुर्बिणीच्या कामासाठी मुद्दाम केलेली स्वच्छ काच मिळत असे, कारण नेहमीची खरखरीत काच इतक्या कमी उजेडात काळीठिक्कर दिसते.

फिल्म वापरायची ती स्लाइडची, म्हणजे पारदर्शिकेची. तिचे रंग छपाईवाल्याच्या मर्जीवर नसतात, धुतल्यावर जे उमटले तेच. मात्र ती फार कडक स्वभावाची. प्रकाशात थोडी चूक झाली की क्षमा नाही. म्हणून एकाच जागेचे तीन फोटो घ्यायचे: एक अंदाजाप्रमाणे, एक थोडा कमी, एक थोडा जास्त. छत्तीस फोटोंचा रोल, म्हणजे खरे तर बारा जागा. फिल्म परदेशातून येई, महाग असे, आणि रोल मागणीप्रमाणे मिळेलच याची खात्री नसे. म्हणून प्रत्येक रोग्याच्या आधी रजिस्टर नंबराच्या चिठ्ठीचा एक फोटो घ्यायचा यावरही हिशेबनीसाची कुरकुर असे.

धुलाई आम्ही रुग्णालयातच करायचो. ई-६ नावाच्या पद्धतीत पहिले रसायन ३८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. अर्ध्या अंशाचा फरकही फोटोत दिसतो. मे महिन्यात घमेल्यात बर्फ आणि डिसेंबरात गरम पाण्याची किटली, असा आमचा तापमान-नियंत्रक होता. कोडॅक्रोम नावाची जी प्रसिद्ध फिल्म, तिचे रंग अधिक टिकाऊ. पण ती धुणे घरच्या काळोख्या खोलीतले काम नव्हे. तिची निर्मिती २००९ मध्ये थांबली आणि २०१० च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील एका प्रयोगशाळेत तिची धुलाईही कायमची बंद झाली.

रंगांचा सगळ्यात मोठा घोळ दिव्याचा. फिल्म दोन जातींची येई: उन्हासाठी जुळवलेली आणि घरातल्या तापदीपासाठी जुळवलेली. दुर्बिणीचे दिवेही दोन जातींचे. हॅलोजनचा उजेड पिवळसर, झेनॉनचा जवळजवळ उन्हासारखा. उन्हाची फिल्म हॅलोजनखाली वापरली की सगळे नारिंगी. डोळ्याला हे कळत नाही, कारण मेंदू आपोआप जुळवून घेतो. फिल्मला मेंदू नाही.

हा घोळ किती महागात पडू शकतो याचा एक प्रसंग सांगतो. एक कीर्तनकार बुवा आमच्याकडे येत. आवाज बसतो म्हणून १९८८ साली त्यांच्या घशात सरळ दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा उजव्या स्वरतंतूवर पांढरा डाग दिसला. असा डाग वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकतो, किंवा कर्करोगाची पहिली पायरीही असू शकतो. तुकडा काढून तपासावा तर स्वरतंतूला इजा होण्याची भीती, आणि बुवांचे पोट आवाजावर. डॉक्टरांनी ठरवले की तंबाखू बंद करायची आणि फोटो काढून लक्ष ठेवायचे. १९९० साली पुन्हा फोटो काढला. दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी प्रकाशपेटीवर ठेवल्या आणि सगळेच चपापले. डाग दुप्पट झालेला, भोवती लाली!

लालीचा उलगडा मी वहीत पाहून केला. १९९० साली तापदीपाची फिल्म मिळाली नव्हती, उन्हाची वापरली होती. नुसता स्वरतंतू नव्हे, बुवांचे दातसुद्धा त्या स्लाइडमध्ये नारिंगी होते. आकाराचा उलगडा डॉक्टरांनी केला, आणि तो मला आजही सुंदर वाटतो. दुर्बीण जवळ नेली की वस्तू मोठी दिसते, लांब ठेवली की लहान. फोटोत अंतर उमटत नाही. म्हणून डाग मिलिमीटरमध्ये मोजायचा नाही, स्वरतंतूशी ताडून पाहायचा. दोन्ही स्लाइडमध्ये तो स्वरतंतूच्या लांबीच्या साधारण पावभागच होता. काहीच वाढले नव्हते. आणखी एक वर्षाने, १९९१ च्या स्लाइडवर, तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला आणि कड वेडीवाकडी झाली. रंग या वेळी बरोबर होते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी बुवांना बोलावले, म्हणाले, "बुवा, आता थांबायचं नाही." तुकडा काढला. पेशी बिघडू लागल्या होत्या, पण कर्करोग अजून नव्हता. डाग काढून टाकला. तीन महिने मौन पाळून बुवा पुन्हा उभे राहिले आणि नंतर बरीच वर्षे कीर्तन करीत होते.

आता डिजिटलकडे वळू. विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सीसीडी नावाची चकती कल्पिली. तिच्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. तिच्यावर हजारो सूक्ष्म खळगे असतात. प्रकाश पडला की प्रत्येक खळग्यात त्या प्रमाणात विद्युतभार साठतो. मग एका ओळीतले भार शेजाऱ्याकडे, त्याच्याकडचे पुढच्याकडे, असे सरकवत काठाशी आणून मोजतात. विहिरीतून आग विझवायला माणसांची रांग बादल्या पुढे देते तशी ही पद्धत. मोजलेला प्रत्येक आकडा म्हणजे चित्राचा एक ठिपका. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली अशा चकतीचा पहिला हातात धरायचा कॅमेरा जुळवला. त्यात फक्त दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. स्थिर उभ्या माणसाला ठीक, पण उचकी लागलेल्या जठराला?

दुर्बिणीच्या जगात मोठा बदल आला तो १९८३ मध्ये. अमेरिकेतील वेल्च अॅलिन कंपनीने ही चकतीच नळीच्या टोकावर बसवली. म्हणजे जपान्यांनी १९५० साली जे केले तेच पुन्हा: कॅमेरा आत! फक्त आता फिल्मऐवजी तारेतून चित्र बाहेर येई आणि पडद्यावर लगेच दिसे. काचतंतूंची जुडी चित्र नेण्याच्या कामातून मोकळी झाली, तिच्याकडे उरले ते फक्त प्रकाश आत नेणे.

चकतीला स्वतःला रंग कळत नाही, उजेड कमी की जास्त एवढेच कळते. रंग मिळवण्याच्या दोन वाटा निघाल्या. एका वाटेने आतला दिवाच आळीपाळीने लाल, हिरवा, निळा करायचा, तीन चित्रे घ्यायची आणि ती एकावर एक बसवायची. यात चकतीचा प्रत्येक खळगा तिन्ही रंगांसाठी उपयोगी पडतो, त्यामुळे चित्र रेखीव येते. पण मधल्या काळात अवयव हलला तर कडांना इंद्रधनुष्यासारखी झालर येते. दुसऱ्या वाटेने प्रत्येक खळग्यावर कायमचा एक रंगीत चष्मा बसवायचा. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी १९७६ साली एकस्व घेतलेली मांडणी यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यात बहुधा तीच किंवा तिची भावंडे असतात. इथे झालर येत नाही, पण प्रत्येक ठिपक्याला एकच रंग खरा मिळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात.

आमच्याकडे असे यंत्र आले तेव्हा १९९३ साल होते. आणि इथे वाचकांना नवल वाटेल: यंत्र आले तरी फिल्म गेली नाही. पडद्यावर चित्र दिसे, पण ते जपून ठेवायचे कसे? आम्ही पडद्याचाच फोटो फिल्मवर काढू लागलो. त्यातही गंमत आहे. आपल्याकडच्या दूरदर्शन पद्धतीत पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रे रेघारेघांनी रंगवली जातात. शटर त्याहून वेगाने उघडले-मिटले तर अर्धेच चित्र सापडते आणि मधून काळा पट्टा जातो. म्हणून सेकंदाचा पंधरावा किंवा आठवा भाग एवढे सावकाश शटर ठेवायचे, आणि खोलीतला दिवा बंद करायचा, नाहीतर पडद्याच्या काचेत आपलेच तोंड येते.

मग कोणते चांगले? लवचीक नळीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. काचतंतूंच्या जुडीत तंतू असतात काही दशसहस्र, म्हणजे चित्राचे ठिपकेही तेवढेच. फिल्म कितीही बारीक तपशील टिपणारी असो, तिच्यापर्यंत पोचते ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळीदार चित्र. मोडलेला प्रत्येक तंतू काळा ठिपका होऊन बसतो. जुन्या दुर्बिणीच्या फोटोत मिरे शिंपडल्यासारखे दिसते ते त्यामुळे. इथे टोकावरच्या चकतीने बाजी मारली. पण काही ठिकाणी काटकसर म्हणून जुन्या तंतूंच्या दुर्बिणीलाच डिजिटल कॅमेरा लावला जातो, आणि मग एक विचित्र गोष्ट घडते. तंतूंची जाळी आणि चकतीची जाळी एकमेकींवर पडतात, आणि दोन मच्छरदाण्या एकापुढे एक धरल्यावर जशा लाटा दिसतात तशा लाटा जठरावर उमटतात. फिल्मचे कण अस्ताव्यस्त विखुरलेले, त्यामुळे फिल्मवर असे कधी होत नाही. अशा वेळी फोकस किंचित ढिला करावा. जाळी विरते, रोग दिसतो.

सरळ दुर्बिणीची कथा निराळी. तिच्यात हॉपकिन्स यांनीच योजलेले काचेचे लांब दंडगोल असतात आणि चित्र फार स्वच्छ येते. कान, घसा, मूत्राशय यांसाठी ही वापरतात. तिथे सुरुवातीची चकती फिल्मच्या जवळपासही नव्हती. बुवांची १९९१ ची स्लाइड मी अलीकडे भिंगाखाली पाहिली. डागाच्या कडेला असलेल्या बारीक रक्तवाहिन्या मोजता येतात. त्याच काळात टेपवर साठवलेल्या चित्रांत कडसुद्धा नीट दिसत नाही. माझ्या मते चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी इथे फिल्मला गाठले ते २००० नंतर चारपाच वर्षांनी.

तरीही डिजिटलची खरी कमाई रेखीवपणाची नाही, ती तत्काळपणाची आहे. फिल्मच्या काळात फोटो फसला हे कळे तेव्हा रोगी एस.टी.ने गावी पोचलेला असे. त्याला पुन्हा बोलावून पुन्हा नळी गिळायला लावणे कुणाच्याच जिवावर येई. आज परिचारिका सुरुवातीला नळीच्या टोकासमोर पांढरे गॉज धरते, यंत्राला 'हे पांढरे' असे सांगते, आणि दिव्याचा तो सारा घोळ दोन सेकंदांत मिटतो.

आकाराचा प्रश्न मात्र डिजिटलनेही आपोआप सोडवलेला नाही. अंतर अजूनही फोटोत उमटत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर तुकडा काढायचा चिमटा गाठीशेजारी उघडून धरतात आणि मग फोटो घेतात. चिमट्याच्या जबड्याचे माप ठाऊक असते. ही युक्ती दोन्ही काळांत सारखीच उपयोगी.

डिजिटलचे काही दोषही सांगितले पाहिजेत. जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून साठवतात तेव्हा नेहमीच्या जेपेग पद्धतीत उजेडाचा तपशील जपला जातो आणि रंगाचा तपशील कमी केला जातो. माणसाचा डोळा हे सहसा पकडत नाही. पण ज्या चित्रात सगळा अर्थ दोन लालांच्या फरकात आहे, तिथे जास्त दाबणे म्हणजे नेमके कामाचे तेच टाकून देणे. दुसरे असे की यंत्र चित्र सुधारते. कडा धारदार करते, सावल्या उजळते. कधी मुद्दाम खोटे रंगही दाखवते, आणि ते फार उपयोगी असते: ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि हिरवा प्रकाशच तेवढा सोडला की तो रक्त शोषून घेते आणि वरच्या थरातल्या बारीक वाहिन्या तपकिरी होऊन उठून दिसतात. सुरुवातीचा कर्करोग अशा वाहिन्यांच्या वेड्यावाकड्या नक्षीवरून ओळखता येतो. फिल्मला हे साधले नसते. पण असे चित्र कोणत्या प्रकाशात घेतले हे त्याच्याबरोबर नोंदलेले हवे, नाहीतर दहा वर्षांनी पाहणारा चक्रावेल. १९९३ पासून डायकॉम या नावाने वैद्यकीय चित्रांची जी सर्वमान्य पद्धत आहे तिच्यात अशा नोंदींची सोय आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी चित्र नुसते फोनवर पाठवले जाते आणि नोंदी मागेच राहतात.

फोनवरून आठवले. स्लाइड कपाटात असे, किल्ली आमच्या प्रमुखांकडे. आज रोग्याच्या आतड्याचा फोटो नावासकट कोणत्या गटात फिरेल सांगता येत नाही. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला हे चांगलेच झाले. पण कायदा झाला म्हणून बोट थांबत नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत दोघांनाही मी फार गुण देणार नाही. आपल्या पावसाळ्यात स्लाइडवर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. काही फिल्मचे निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळे चित्र जांभळट होते. डिजिटल चित्राचा रंग उडत नाही; ते एके दिवशी उघडतच नाही. आमच्याकडे २००२-०३ ची चित्रे ज्या सीडींवर होती त्यांतल्या बऱ्याच आता वाचता येत नाहीत, आणि त्याआधीच्या फ्लॉपी घालायला यंत्रच राहिलेले नाही. शेजारच्या कपाटातल्या १९८० च्या स्लाइड मात्र खिडकीसमोर धरल्या की दिसतात.

दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाची जुनी इमारत रिकामी करताना या स्लाइडच्या १४२ पेट्या भंगाराच्या ढिगात निघाल्या. कुणीतरी 'जुने निरुपयोगी' असा शेरा मारला होता. विभागप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन मी त्या थांबवल्या. पेट्यांवर नावे नाहीत, फक्त रजिस्टर नंबर आहेत. नावांचे रजिस्टर रुग्णालयातच राहील असे ठरले आहे. आता त्या स्लाइड एकेक करून डिजिटल कॅमेऱ्याने पुन्हा टिपण्याचे काम मी करतो आहे. म्हणजे ज्या दोघांची तुलना करायला बसलो ते शेवटी माझ्या टेबलावर एकत्र आले आहेत.

पद्धत सोपी आहे. कॅमेरा स्टँडवर उलटा टांगायचा, खाली प्रकाशपेटी. आधी रिकाम्या पेटीचा एक फोटो घ्यायचा, म्हणजे पांढरा कोणता ते ठरते. स्लाइडवरची धूळ रबरी फुग्याने उडवायची. तोंडाने फुंकायचे नाही, थुंकीचा थेंब उडतो. बुरशी आलेली स्लाइड बाजूला काढायची. प्रत्येकीचे दोन फोटो, एक उजळ भागासाठी, एक सावलीसाठी, आणि ते न दाबता साठवायचे. उडालेले रंग प्रतीवर दुरुस्त करायचे, मूळ टिपणीला हात लावायचा नाही. चित्रांच्या तीन प्रती, तीन वेगळ्या ठिकाणी. फिल्मची जात, दिवा आणि तारीख आमच्या जुन्या वह्यांमधून उतरवून घ्यायची. या वह्या सापडल्या हे मोठे नशीब.

आजवर ५७ पेट्या झाल्या आहेत. बुवांची पेटी त्यांतच आहे. ८५ उरल्या आहेत आणि येत्या पावसाळ्यापूर्वी निदान ज्यांना बुरशी लागू लागली आहे त्या तरी उरकायला हव्यात. मराठी अक्षर वाचता येणारा आणि हात न थरथरणारा कोणीही विद्यार्थी हे काम करू शकेल. वह्यांतले निम्मे माझ्याच हस्ताक्षरात आहे, ते वाचायला मी शिकवीन. रोग्याची माहिती बाहेर न नेण्याच्या कागदावर आधी सही करावी लागेल. शनिवारी दुपारी दोननंतर मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत असतो. येताना पांढरे सुती हातमोजे आणावेत, बाकी सारे तिथे आहे.